भाजीमंडईतला उपासक : चित्रकार इतो जाकुचू



धम्मदीक्षा घेऊन तुम्ही घरी आलात. बावीस प्रतिज्ञांना स्मरून देव्हारा हलवलात, भिंतीवरच्या देवदेवतांच्या तसबिरी उतरवल्यात. त्या जागी तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. पण त्या दोन तसबिरींच्या आजूबाजूची भिंत अजून मोकळीच आहे, आणि शेजारीपाजारी विचारतात, की देव गेले, आता तुमच्याकडे राहिले काय? प्रश्न कुचकट आहे खरा, पण उत्तर देण्याजोगा आहे. बुद्धाच्या भोवती कोण असावे? जपानमधल्या एका भाजीच्या आडत्याने अडीचशे वर्षांपूर्वी याचे उत्तर रेशमी कापडावर रंगवून ठेवले. त्यात राजेरजवाडे नाहीत, नवसाला पावणारे देव नाहीत. त्यात कोंबड्या आहेत, बेडूक आहेत, किड्यांनी कुरतडलेली भोपळ्याची पाने आहेत.

जपान आणि आपण अगदी परके नाही. भदंत सुरेई ससाई यांच्यामुळे नागपूरच्या घराघरांत त्या देशाचे नाव माहीत झाले. आज ज्यांचे चरित्र तुम्हांला सांगायचे आहे, ते मात्र भिक्खू नव्हते. ते तुमच्या-माझ्यासारखे गृहस्थ उपासक होते. त्यांचे नाव इतो जाकुचू.

जाकुचू यांचा जन्म १७१६ साली क्योटो शहरात झाला. सम्राट क्योटोत राहत असे, पण खरी सत्ता एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथल्या शोगून नावाच्या लष्करी अधिपतीच्या हाती होती. क्योटोच्या मध्यभागी निशिकी नावाचा अरुंद बाजाररस्ता आहे. त्या बाजारात जाकुचूंच्या घराण्याची मासुया नावाची पेढी होती. भाजीपाल्याचा ठोक व्यापार, आणि माल घेऊन येणाऱ्यांना व विकणाऱ्यांना बसायला जागा देऊन तिचे भाडे घ्यायचे, असा तो धंदा. पेढी चांगली चालत होती. थोर माणसाला चरित्रात गरीब करून दाखवण्याची आपल्याकडे खोड आहे. ती इथे नको. जाकुचू खात्यापित्या घरातले थोरले चिरंजीव होते.

१७३८ साली वडील वारले आणि बाविसाव्या वर्षी पेढी त्यांच्या गळ्यात पडली. सतरा वर्षे त्यांनी ती चालवली. लग्न केले नाही. दारू, नाचगाणे, मौजमजा यांत मन रमले नाही. त्यांच्याविषयीची ही माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः दाइतेन नावाच्या झेन भिक्खूंच्या लेखनातून. दाइतेन हे क्योटोच्या शोकोकु-जी या मोठ्या विहारातले विद्वान भिक्खू, वयाने जाकुचूंपेक्षा थोडे लहान, आणि त्यांचे जन्माचे कल्याणमित्र. जाकुचू हे नावही मूळचे नव्हे. लाओत्से या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून ते घेतलेले आहे. जे पूर्ण भरलेले आहे ते रिकामे असल्यासारखे दिसते, असा त्यामागचा आशय. या नावाला जोडून ते गृहस्थ उपासक या अर्थाचे जपानी बिरुद लावीत. दीक्षेनंतर तुमच्यापैकी कित्येकांनी मुलांची नावे बदलली आहेत. तेव्हा नाव बदलण्यात काय असते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

आता त्यांच्या कलेकडे येऊ. फुले आणि पाखरे यांची चित्रे काढण्याची चीन-जपानमध्ये फार जुनी परंपरा आहे. जपानीत तिला काचो-गा म्हणतात. जाकुचूंनी आधी कानो या प्रतिष्ठित घराण्याची पद्धत अभ्यासली. ती म्हणजे गुरूने काढले तसे शिष्याने काढायचे. मग विहारांतून जपून ठेवलेल्या जुन्या चिनी चित्रांच्या नकला केल्या. त्या नकलांची संख्या हजारावर गेली असे सांगतात. आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की त्या चिनी चित्रकाराने कोंबडा पाहिला, त्याचे चित्र काढले, आणि आपण त्या चित्राचे चित्र काढतो आहोत. म्हणजे आपण कोंबडा पाहिलाच नाही!

त्यांनी अंगणात काही डझन कोंबड्या-कोंबडे पाळले. लगेच कुंचला हातात घेतला नाही. नुसते पाहत बसले. तुरा कसा थरथरतो, दाणा टिपताना मान कशी वळते, रागावल्यावर पिसे कशी फुलतात, पाय उचलल्यावर बोटे कशी मिटतात, हे दिवसेंदिवस पाहिले. मग काढायला लागले, आणि तेही कित्येक वर्षे. कोंबडी हातात बसल्यावर इतर पाखरे, किडे, मासे, झाडे यांच्याकडे वळले. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते तुम्ही विहारात ऐकले आहे. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. जाकुचूंनी त्या सुत्ताचा अभ्यास केला होता की नाही, याला महत्त्व नाही. अंगणात कोंबड्यांसमोर बसून त्यांनी ते आचरणात आणले होते.

१७५५ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पेढी धाकट्या भावाच्या हवाली केली आणि उरलेले आयुष्य चित्रांना दिले. इथे क्षणभर थांबा. भाजीच्या आडत्याचा मुलगा चित्रकार झाला. त्याला कोणी धर्मशास्त्र दाखवले नाही, हे तुझ्या कुळाचे काम नव्हे म्हणून कोणी अडवले नाही. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. जाकुचूंचे आयुष्य पाहिले की जातीने आपल्या किती पिढ्यांतले चित्रकार मारले असतील, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पण म्हणून तेव्हाचा जपान समतेचे नंदनवन होता, असे समजू नका. योद्धे, शेतकरी, कारागीर आणि शेवटी व्यापारी अशी उतरंड राज्यकर्त्यांनी मानली होती. त्या उतरंडीच्याही बाहेर, गावकुसापलीकडे, काही समाज होते. मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे आणि कमावणे ही कामे त्यांच्यावर लादलेली होती आणि त्या कामांपायी त्यांना अपवित्र ठरवलेले होते. बौद्ध म्हणवणाऱ्या देशात हे चालले होते! विहारांनीही यात हात धुऊन घेतले. त्या लोकांना मरणोत्तर जी नावे दिली जात, त्यांत जनावर या अर्थाची अपमानकारक अक्षरे घातलेली अनेक ठिकाणी सापडली आहेत. १८७१ साली सरकारी हुकमाने हा भेद कायद्यातून गेला, मनातून गेला नाही. म्हणून १९२२ साली त्याच क्योटो शहरात या समाजाने सुइहेइशा ही स्वतःची समतेची संघटना उभी केली. बुद्धाचे नाव घेतल्याने विषमता आपोआप जात नाही. ती घालवावी लागते.

हे मी मुद्दाम सांगितले, कारण त्याचा या चित्रांशी थेट संबंध आहे. रेशमावर चित्र कसे काढतात ते पाहा. पातळ रेशमी कापड चौकटीवर ताणून बसवतात. त्यावर सरस आणि तुरटी यांचे पाणी फिरवतात, म्हणजे रंग फुटत नाही. रंग म्हणजे निळे-हिरवे खनिज दगड कुटून केलेली पूड, लालसाठी हिंगूळ, पांढऱ्यासाठी शिंपल्यांची वस्त्रगाळ भुकटी. ही कोरडी पूड रेशमाला स्वतःहून चिकटत नाही. ती सरसात कालवावी लागते. आणि सरस येतो कुठून? जनावराच्या कातड्यापासून. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांनी हाताळलेल्या कातड्यावाचून जपानमधले असे एकही चित्र उभे राहत नव्हते. जाकुचूंचे कोंबडे आज अडीचशे वर्षांनी झळकतात ते त्या सरसाच्या धरून ठेवण्यामुळे. ज्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी कातड्याची कामे केली आहेत, त्या घरांतल्या वाचकांना हे वाचून काय वाटेल, ते मला ठाऊक आहे.

जाकुचू रंग रेशमाच्या पुढून लावीत तसे मागूनही लावीत. रेशीम विरळ असते, त्यातून मागचा रंग हळूच पुढे डोकावतो. म्हाताऱ्या पाइन वृक्षावर बसलेल्या पांढऱ्या काल्पनिक पक्ष्याचे त्यांचे एक चित्र आहे. त्याची पिसे सोन्यासारखी चमकतात. लोकांना वाटे, सोने वापरले असणार. १९९९ पासून काही वर्षे या चित्रांची दुरुस्ती चालली, तेव्हा तज्ज्ञांनी तपासले. सोने निघाले नाही. रेशमाच्या पाठीमागून पिवळी माती लावलेली, आणि पुढून पांढऱ्या रंगाच्या केसासारख्या बारीक रेघा. सोन्याचा भास मातीने केलेला होता! त्याच तपासणीत एका माशाच्या अंगावर प्रशियन निळा हा युरोपात तयार झालेला रंग सापडला. जपानमध्ये तो वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. म्हणजे माणूस परंपरेतला, पण नवे दिसले की हात आखडणारा नव्हे.

१७५७ च्या सुमारास त्यांनी आपल्या आयुष्यातले मोठे काम हाती घेतले. सजीवांची रंगीत चित्रे असे त्या मालिकेचे नाव. रेशमावरचे तीस पट, प्रत्येक सुमारे साडेचार फूट उंच. पूर्ण व्हायला दहाएक वर्षे लागली. तिसांपैकी आठ पटांत कोंबडेच प्रमुख आहेत. एका पटात तेरा कोंबडे असे दाटीने उभे आहेत, की कोणाचे पीस कुठे संपते हे शोधत बसावे लागते. पण प्रत्येकाचा डोळा वेगळा, मिजास वेगळी. एका पटात बर्फाने वाकलेल्या फांदीखाली बदकांची जोडी. एकात समुद्रातले मासे, आणि मोठ्या अष्टपादाच्या एका सोंडेला बिलगलेले त्याचे इवलेसे पिल्लू.

माझ्या मते सर्वांत मोलाचा पट तळ्याकाठच्या किड्यांचा. वर भोपळ्याचा वेल, खाली पाणथळ जागा. त्यात साठांहून अधिक जातींचे किडे आणि लहान प्राणी. बेडूक तर जणू धम्मदेसना ऐकायला जमल्यासारखे एका दिशेला तोंड करून बसलेले. कोळी आहे, साप आहे, मुंग्या आहेत. पाने कुरतडलेली, भोके पडलेली, कडेने वाळलेली. दरबारी चित्रकाराने ती भोके बुजवून हिरवीगार पाने काढली असती. हा माणूस भाजीबाजारात वाढला होता. किडलेले पान ज्याने हजार वेळा हातात घेतले आहे, त्याला अनित्यता शिकायला दुसरीकडे जावे लागत नाही.

१७६५ साली जाकुचूंनी यांतले तयार झालेले चोवीस पट शोकोकु-जी विहाराला दान दिले. त्यांच्याबरोबर शाक्यमुनी बुद्ध, मंजुश्री आणि समंतभद्र यांचे तीन मोठे पटही दिले. जगात नाव व्हावे या हेतूने हे केलेले नाही, असे त्यांनी दानपत्रात नमूद केले. त्याच वर्षी त्यांचा सर्वांत धाकटा भाऊ वारला होता. १७७० पर्यंत, वडिलांच्या निधनाचे तेहेतिसावे स्मरणवर्ष धरून, उरलेले सहा पटही विहारात पोहोचले. वर्षातून एकदा, एका धम्मविधीच्या दिवशी, हे सारे पट दालनात टांगले जात आणि सामान्य लोकांना ते पाहता येत. मध्यभागी बुद्ध. दोन्ही बाजूंना ओळीने कोंबडे, चिमण्या, बेडूक, शिंपले, मासे, फुले. लोक त्या ओळींमधून चालत जात.

महायानात असा एक विचार आहे, की झाडे, गवत आणि जमीनसुद्धा बुद्धत्वाला पोहोचू शकते. आपण बाबासाहेबांच्या वाटेने धम्मात आलेलो. गवताच्या बुद्धत्वावर विश्वास ठेवायची आपल्याला गरज नाही. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत केलेला भेद आठवा. करुणा माणसांविषयी असते, मैत्री प्राणिमात्राविषयी. जाकुचूंचे ते दालन मैत्रीचे दालन होते. दाइतेन यांनी त्यांच्याविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. बाजारात खाण्यासाठी जिवंत चिमण्या विकायला येत. जाकुचूंनी त्या डझनावारी विकत घेतल्या आणि आपल्या अंगणात सोडून दिल्या.

इतका शांत माणूस व्यवहारात भित्रा असेल असे वाटेल. तसे नव्हते. १७७१ साली प्रतिस्पर्धी बाजाराच्या कारवायांमुळे निशिकी बाजार बंद पाडण्याचा घाट घातला गेला. जाकुचू तेव्हा आपल्या आळीचे पुढारी होते. पेढी सोडून सोळा वर्षे झालेली, दोन वेळच्या जेवणाची चिंता नाही. गप्प बसले असते तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी कुंचला बाजूला ठेवला. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, अर्ज केले, बाजार बंद झाल्याने ज्यांचा माल पडून राहत होता त्या आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनाही तक्रारीत उतरवले. तीन वर्षे हे चालले. १७७४ साली सरकारला वार्षिक रक्कम भरण्याच्या अटीवर बाजार पुन्हा उघडला. हा भाग बराच काळ अभ्यासकांच्या नजरेआड होता. बाजाराचे जुने दप्तर अलीकडे वाचले गेले, तेव्हा कळले की ज्यांना लोक एकलकोंडे समजत, त्या चित्रकाराने लोकांची भाकरी वाचवण्यासाठी तीन वर्षे खर्ची घातली.

त्यानंतरचे त्यांचे एक चित्र मला त्या तीस रेशमी पटांइतकेच प्रिय आहे. ते नुसत्या काळ्या शाईचे आहे. कुशिनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये उजव्या कुशीवर पहुडलेले तथागत आणि भोवती शोक करणारे शिष्य व प्राणी, हे महापरिनिर्वाणाचे चित्र तुम्ही पाहिलेच असेल. जाकुचूंनी त्यातला प्रत्येक जण भाजीचा केला! मध्ये पालथ्या टोपलीवर एक दुबेळक्याचा पांढरा मुळा आडवा निजलेला आहे. शालवृक्षांच्या जागी मक्याची ताटे. भोवती भोपळे, वांगी, सलगम, अळंबी अशी मंडळी खाली मान घालून जमलेली. कोणाला यात थट्टा दिसेल. मला दिसत नाही. मंडईत जन्मलेल्या माणसाने आपल्या आयुष्यात जे रोज पाहिले, हाताळले, विकले, त्यातूनच तथागतांना निरोप दिला. हे चित्र त्यांच्या आईच्या किंवा भावाच्या निधनाशी जोडले जाते. ते आज क्योटोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

उतारवयात ते क्योटोच्या दक्षिणेस फुकाकुसा येथल्या सेकिहो-जी या विहाराशी जोडले गेले. तिथे विहारामागच्या टेकडीवर तथागतांचे सारे चरित्र दगडात उभे करण्याचे त्यांनी मनावर घेतले. जन्म, गृहत्याग, संबोधी, महापरिनिर्वाण, आणि भोवती पाचशे अर्हंत. रेखाटने जाकुचूंची, छिन्नी पाथरवटांची. यासाठी ते एक माप तांदळाला, म्हणजे सुमारे अठरा लिटर मावतील इतक्या तांदळाला, एक चित्र देत असे सांगतात. आपल्या झोपडीला त्यांनी नावही त्या तांदळाच्या मापावरूनच दिले होते. त्या मूर्तींपैकी पाचशेवर अजून उभ्या आहेत. ऊनपावसाने चेहरे झिजले आहेत, अंगावर शेवाळ आहे, आणि सभोवती बांबूचे बन. राजगृहाचे वेळुवन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते ओळखीचे वाटेल.

१७८८ साली क्योटोला भयंकर आग लागली. बहुतेक शहर जळाले. जाकुचूंचे घर गेले, शोकोकु-जी विहाराच्या बहुतेक इमारती गेल्या. रेशमी पट मात्र वाचले. बहात्तर वर्षांच्या जाकुचूंवर पोटासाठी चित्रे काढायची पाळी आली. त्यांनी ती काढली, आणि चांगली काढली. १७९० साली एका विहारासाठी सोनेरी पडद्यांवर निवडुंग आणि कोंबडे रंगवले. कोंबड्यांनी शेवटपर्यंत साथ दिली. १८०० साली सेकिहो-जी येथे त्यांचे निधन झाले. तिथेच त्यांना पुरले.

त्यांच्या दानाची कथा मात्र पुढे चालू राहिली. १८६८ नंतर जपानच्या नव्या राजवटीने शिंतो धर्माला उचलून धरले. बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या, विहारांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. शोकोकु-जी कंगाल झाला. १८८९ साली विहाराने ते तीस पट सम्राटाच्या घराण्याला अर्पण केले. त्या बदल्यात दहा हजार येन मिळाले. तेव्हा ही फार मोठी रक्कम होती. तिच्यातून विहाराने आपली जमीन राखली. भाजीच्या आडत्याने सव्वाशे वर्षांपूर्वी दिलेल्या कोंबड्या-बेडकांनी विहाराची भूमी सोडवून आणली. बुद्ध, मंजुश्री आणि समंतभद्र यांचे तीन पट विहाराने दिले नाहीत. ते तिथेच राहिले.

त्यामुळे बुद्ध क्योटोत आणि त्यांची सभा तोक्योत, अशी ताटातूट झाली. २००७ साली शोकोकु-जीच्या संग्रहालयात ते तेहेतीस पट सुमारे एकशेवीस वर्षांनी पुन्हा एकत्र टांगले गेले. २०१२ साली वॉशिंग्टनला, आणि २०१६ साली त्रिशताब्दीनिमित्त तोक्योला ते लोकांनी पाहिले. तोक्योत लोक रांगेत तासन्‌तास उभे होते. २०२१ साली जपान सरकारने तीस पटांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला.

निशिकी बाजार अजून भरतो. भाजी, लोणची, मासे, टोफू यांची दुकाने दाटीने लागलेली आहेत, आणि जाकुचूंच्या जन्मस्थानाची खूण बाजाराच्या तोंडाशी आहे. संध्याकाळी दुकानदार फळकुटे आवरतात आणि लोखंडी शटर खाली ओढतात. त्या शटरांवर जाकुचूंची चित्रे रंगवलेली आहेत. बाजार मिटला की कोंबडे बाहेर येतात.